उभा प्रवासी

संध्याकाळच्या पूर्णगड एसटीत तो रोज भेटायचा. साठीचा, किडकिडीत, पांढऱ्या मिशांचा. गाडी अर्धी रिकामी असली तरी तो दांडा धरून उभाच असायचा. अधूनमधून टाचा उचलायचा, पुन्हा टेकवायचा. आमच्या वाडीखालच्या खाडीशी उतरून तो चढण पायी चढायचा. मी मात्र वर सड्यापर्यंत, माथ्यावरच्या पठारापर्यंत, बसून जायचो. दिवसभर कचेरीत खुर्चीला चिकटलेला, पोट सुटलेला, आणि नुकतीच साखर निघालेला मी.

एकदा न राहवून म्हटलं, "काका, बसा की. जागा आहे."

"नको हो. पंचवीस वर्षं ट्रकवर बसूनच होतो. पायात रक्ताची गाठ झाली. पाय वाचला, ता नशीब."

"आधी काही जाणवलं नाही?"

"कसा जाणवणार? दगड लागला तर माणूस ओरडतो. बसून बरा वाटता, म्हणून कळत नाय."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यामागून खाडीशी उतरलो. पहिल्याच वळणावर मला धाप लागली, घाम फुटला, आणि लाजही वाटली. तो थांबला. माझ्याकडे न बघता खालच्या पाण्याकडे बघत उभा राहिला, माझा श्वास जागेवर येईपर्यंत. मग म्हणाला, "चला, सावकाश." आणि स्वतःची चाल माझ्याएवढी करून चढू लागला.