न हलणारं चित्र

लग्नांचे व्हिडिओ काढून मी पोट भरतो, त्यामुळे ड्रोन घ्यायचा तो नवरा-नवरीसाठीच, असं सगळे धरून चालले. मीही कुणाचा गैरसमज दूर करत बसलो नाही. खरं कारण घरातल्या खाटेवर पडून होतं आणि येता-जाता मला विचारत होतं, "ऊस कसा हाय रं?"

आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, तोल गेला होता. कानाच्या आतला बिघाड आहे, वयामुळे पूर्ण बरा होईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. उठून बसलं की त्यांना घर फिरताना दिसायचं. एकदा गाडीत घालून शेतात न्यायला निघालो, तर गल्लीच्या तोंडाशीच भडभडून ओकले. शेत काही लांब नाही. पलूसजवळच्या आमच्या गावात, घरामागच्या ओढ्यापलीकडे. फौजेतून आल्यापासून बांधावरून एक फेरी मारल्याशिवाय या माणसानं सकाळचा चहा घेतला नव्हता. आता चहा खाटेवर यायचा आणि गार व्हायचा.

"ऊस झ्याक हाय," मी सांगायचो.

"तुला काय कळतंय उसातलं? तू नवरीच्या मेंदीचं फोटू काढ."

खोटं नव्हतं ते, पण लागायचं. मग मी मोबाईलवर बांधाचं शूटिंग करून आणलं. चालता चालता काढलेलं. चार सऱ्या दिसल्या असतील नसतील, त्यांनी मोबाईल उपडा टाकला आणि आईनं घमेलं पुढं केलं. चित्र हललं की त्यांचं डोकं फिरत होतं. ते बघून मला वाईट वाटायला हवं होतं. उलट मी खूश झालो. न हलणारं चित्र पाहिजे, एवढंच ना? हा तर माझाच धंदा!

तासगावच्या एका मित्राचा छोटा ड्रोन मागून आणला. तळहातावर मावेल एवढा. वारं लागलं की तिरका व्हायचा, सावरायचा, परत तिरका. लग्नात हे खपून जातं, वरून गाणं टाकलं की कुणी बघत नाही. इथं खपणारं नव्हतं. आण्णांना न दाखवताच तो परत दिला.

मग सांगली. दुकानदार मला कॅमेरा किती भारी, किती लांब जातो, हे सांगत सुटला. मी म्हणालो, "त्ये ऱ्हाऊ द्या. हालतो का, त्येवढं सांगा." तेव्हा त्यानं एक जड ड्रोन सुरू करून हातात धरला आणि चांगला गदागदा हलवला. खाली गिंबलवर, म्हणजे सगळीकडं वळणाऱ्या टांगणीवर, कॅमेरा होता. तो आपला जागच्या जागी. डोईवर घागर घेतलेली बाई कमरेत कितीही लचकली तरी घागर जशी सरळ राहते, तसा. मला तिथंच भरून आलं. दुकानदाराला वाटलं असेल, गिऱ्हाईक किमतीला घाबरलं.

तोच ड्रोन घेतला, नोंदणीचे सोपस्कार उरकले. माळावर आठवडाभर सराव केला. वेग कमी करून ठेवला, वळणं मऊ केली. एका सकाळी, वारं सुटायच्या आत, अंगणात उभा राहिलो. रिमोटची केबल खिडकीतून आत टीव्हीला जोडली होती. आईनं आण्णांच्या पाठीशी उशा रचल्या. ड्रोन ओढा ओलांडून आमच्या उसावर जाऊन थांबला. रिमोटच्या पडद्यावर बघितलं, चित्र भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं स्थिर.

"दिसतंय का, आण्णा?"

खिडकीतून आवाज आला, "लय उंचावर हाय रं. जरा खाली घे. मानसाएवढा."

मी खाली घेतला. तशी पंख्यांच्या वाऱ्यानं उसाची पानं वेडीवाकडी घुसळायला लागली, सगळा पडदा हिरवा हिरवा उकळला. आतून आई ओरडली, "आरं, वर घे, वर घे!" मी घाईनं वर घेतला. हलणं मी काढून टाकलं होतं, उंचीचा विचारच केला नव्हता. खाली गेलं तर पानं हलतात, वर गेलं तर पायाखालची जमीन जाते. बांधावर उभ्या माणसाला दिसतो तसा ऊस दाखवणारा ड्रोन कुठल्याच दुकानात नव्हता. मला स्वतःचा भयंकर राग आला.

"आता बरं हाय?" मी विचारलं.

"बरं हाय की. लय झ्याक दिसतंय. ऊस जोरात हाय."

आवाज चांगला ठणठणीत होता. जीव भांड्यात पडला. ड्रोन इतका स्थिर होता की त्याच्यावर नजर ठेवायचीही गरज नव्हती. रिमोटच्या काड्यांवरचे अंगठे काढले, खिडकीपाशी गेलो आणि त्यांचा चेहरा बघायला आत डोकावलो.

टीव्हीवर ऊस होता. आण्णांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. एका हातानं खाटेची कड धरली होती, दुसऱ्या हातात आईचं मनगट होतं. आईनं मला बघितलं आणि मान खाली घातली.

"लय झ्याक," ते डोळे न उघडता परत म्हणाले. "आता जरा पुढं घे."

मी रिमोटला हातही लावला नाही.

"घेतला, आण्णा," मी म्हणालो.