गोड म्हणून सांगितलेलं पाणी

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी अलिबागच्या दक्षिणेला, समुद्राकाठच्या एका गावात नांदायला आले. माहेर पालीकडचं, डोंगराच्या पायथ्याचं. सासरी पहिल्याच दिवशी पाण्याचा तांब्या हातात दिला आणि सासूबाई टक लावून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. नव्या सुनेला पाणी पिता येतं की नाही तेही हे लोक तपासतात की काय, असं मला वाटलं. मी मूळची फटकळ. म्हटलं, "चांगलं आहे, पण आमच्याकडच्या झऱ्याची सर नाही." त्यांना राग यायला हवा होता, तर त्या खूशच झाल्या. "कळतंय हिला," असं शेजारणीला सांगून आल्या.

का खूश झाल्या ते पुढे कळलं. गावात रस्त्यापासून वाळूपर्यंत एकामागे एक वाड्या होत्या. नारळ, पोफळी, पोफळींवर चढवलेल्या पानवेली आणि प्रत्येक वाडीत रहाटाची विहीर. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी विहिरींना गोडं पाणी. ते फुकट मिळत नव्हतं. दिवाळी झाली की डोंगराकडून येणाऱ्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, दगड, माती आणि झाडांचे टहाळे घालून गावाने बांध घालायचा, घरटी एक माणूस. अडलेलं पाणी जमिनीत मुरायचं आणि समुद्राला पलीकडे रेटून धरायचं. दुसरं म्हणजे, पौषापासून दर अमावास्येला भर भरतीच्या वेळी प्रत्येक विहिरीचं एकेक मडकं देवळासमोरच्या पारावर आणायचं आणि चाखायचं. चाखणारी गावातली नको. सुकटीवर आणि खाऱ्या वाऱ्यावर वाढलेल्या जिभेला थोडा खारेपणा कळत नाही, असं म्हातारे म्हणत, आणि ते खरं होतं. म्हणून डोंगराकडून आलेली सून लागायची. माझ्यानंतर आलेल्या सुना सगळ्या किनाऱ्याच्याच, त्यामुळे हे काम कितीतरी वर्षं माझ्याच गळ्यात राहिलं.

मी "खारं" म्हटलं की त्या विहिरीच्या आजूबाजूचे सगळे रहाट पुढच्या अमावास्येपर्यंत बंद. फक्त पिण्यापुरतं पाणी काढायचं. पाटील असो की कोळी, कुणी हुज्जत घालत नसे. वीस वर्षांच्या पोरीच्या एका शब्दावर बैल सोडले जात, आणि खरं सांगते, मला त्याचा फार तोरा होता.

आमच्या वाडीच्या मागे, समुद्राच्या अंगाला एका विधवा बाईची वाडी होती. मी तिला काकी म्हणायची. मूल नाही, दीर नाही, होत्या त्या पानवेली. त्यांना ती पोरींसारखी जपायची. पानं खुडायची, करंड्या भरायची आणि अलिबागला पाठवायची. त्यावर तिचं पोट. माझं बाळंतपण तिनेच काढलं, कारण माहेरहून कुणाला येता आलं नाही.

मग आमच्या ह्यांनी तेलाचं इंजिन आणलं. गावातलं पहिलं. सगळा गाव बघायला लोटला. बैल दिवसभरात जेवढं पाणी काढत, तेवढं ते यंत्र न्याहारीच्या आत काढी. ह्यांची छाती नुसती फुगलेली. तो धडधडाट चालू झाला की मी मात्र विहिरीकडे जायची. दुपारी विहिरीत डोकावले तर जिथे कधी तळ दिसला नव्हता तिथे काळे दगड उघडे पडलेले असत. रहाटाच्या बैलांना दमून थांबावं लागे, तेवढ्यात विहीर सावरायची. हे यंत्र दमतच नव्हतं.

त्या कार्तिकात आमच्या घरून बांधाला कुणी गेलं नाही. "आपल्याला काय गरज?" हे म्हणाले. मग दुसऱ्या घराने विचारलं, त्यांचा माणूस नाही तर आमचाच का? बांध झाला, पण कमरेएवढाही नाही, आणि मार्गशीर्षातच त्याच्या पायातून पाणी झिरपून गेलं. पऱ्या कोरडा पडला. लोक म्हणाले, पुढच्या वर्षी नीट घालू.

पौषात आमच्या घरी डाळ शिजेना. किती लाकडं जाळली तरी दाणा तसाच. सासूबाईंनी दुकानदाराला शिव्यांची लाखोली वाहिली. दोष डाळीचा नाही, पाण्याचा आहे, हे मला कळलं होतं.

अमावास्येच्या सकाळी हे म्हणाले, "आज जरा जपून बोल." एवढंच. धमकी नाही, काही नाही. पारावर मडकी मांडलेली, भरतीचा आवाज येत होता, आणि हे समोरच उभे. आमचं पाणी चाखलं, जरा जड लागलं. मग काकीचं. जिभेच्या कडांना ते झोंबलं. खारं. अगदी निःसंशय खारं. खारं म्हटलं असतं तर इंजिन त्याच दिवशी बंद झालं असतं, आणि घरी काय झालं असतं ते मला दिसत होतं.

"गोड," मी म्हणाले.

माघात पुन्हा चाखायला बसले. एकदा गोड म्हटलेलं पाणी दुसऱ्यांदा खारं कोणत्या तोंडाने म्हणायचं? त्या दिवशी काकीच्या शेजारच्या आणखी तीन विहिरी झोंबल्या. त्यांनाही गोडच म्हटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला सांगत घरी आले. त्या रात्री जेवण गेलं नाही.

फाल्गुनात काकीच्या पानवेलींच्या कडा करपल्या. आधी तपकिरी, मग काळ्या. ती रोज पहाटेपासून रहाटावर असायची. मी कुंपणाच्या या बाजूने बघायची आणि आत निघून यायची, आणि अमावास्येला पुन्हा गोडच म्हणायची. चैत्रात वेली पोफळींवरून सुटून लोंबू लागल्या. वैशाखात वाडीत एकही हिरवं पान राहिलं नाही.

तेव्हा कुठे मी तिच्याकडे गेले. ती पडवीत सुकलेल्या वेलींचे वेटोळे करून ठेवत होती, जळणाला. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. पाणी खारं होतं, पौषातच कळलं होतं, मी खोटं बोलले. रडू येत होतं, पण मला रडायचा काय हक्क, म्हणून आवरलं.

तिने हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाली, "तुजं तोंड वाकडं झालेलं मी बघितलं व्हतं. पन म्हटलं, ही पोर कशाला खोटं बोलंल? माझ्याच डोल्यांची चूक. पानं सुकाया लागली, मला वाटलं तान्हेली हायेत. पानी तर गोडं हाय. मंग दुप्पट शिंपलं गो मी."

हातातलं वेटोळं ढिगावर ठेवून तिने विचारलं, "आनि कोनाच्या पान्याला गोडं म्हनालीस?"

मी तिन्ही घरं सांगितली. ती लगेच उठली, पदर खोचला. "चल. त्यांची झाडं अजून हिरवी हायेत. आधी त्यांना सांगू."

आमच्या वाडीतून इंजिनचा आवाज येत होता. मी तिथेच उभी राहिले. तिने एकदा मागे वळून बघितलं आणि ती एकटीच गेली. तिन्ही घरी जाऊन आली, घसा फोडून सांगून आली. तिन्ही घरांनी तिला एकच विचारलं, "सूनबाई काय म्हणते?"