वाळूला एक पाऊस

शिकलेला माणूस कोकणात घर बांधायला निघाला, की पाया खणण्याआधी तो गवंड्याला शिकवायला बसतो. मी तेच केले. आज कुणी माझ्याकडे घराबद्दल सल्ला मागायला आले (पदवी घेतल्यापासून लोक मला कशाबद्दलही सल्ला मागतात), तर मी एवढेच विचारतो, "गवंडी कुठला?" गवंडी किनाऱ्यावरचाच असला, तर "मग माझ्याकडे कशाला आलात?" असे म्हणून चहा पाजून त्यांना वाटेला लावतो. लोकांना तो माझा विनय वाटतो. विनय कसला! कॉलेजच्या चार वर्षांत जे कुणी शिकवले नव्हते ते मला एका भिंतीने शिकवले, आणि ती भिंत मीच हट्टाने घालून घेतली होती.

माझे वडील, त्यांना मी बा म्हणत असे, नागावात दुसऱ्याच्या वाडीत रहाटावर कामाला होते. बैल फिरवायचा, पाणी वर आले की ते पाटाने नारळी-पोफळींच्या मुळांशी न्यायचे, एक आळे भरले की माती ओढून पाणी दुसऱ्याकडे वळवायचे. तीस वर्षे माणूस घोटाभर पाण्यात उभा होता. राहायला वाडीतच झावळ्यांची खोपी, तीही ओली. आई मी मॅट्रिकला असताना गेली; मागे बा आणि माझी विधवा आत्या. पुढे बांना दम्याने धरले. उन्हाळ्यात बरे असत. पाऊस लागला की छाती वाजू लागे, आणि मग चार महिने ते टेकून बसल्या बसल्याच झोपत. मी रसायन घेऊन पदवीधर झालो, मुंबईत एका शाळेत शास्त्र शिकवू लागलो. त्याच्या तिसऱ्या वर्षी अलिबागच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "औषध मी देतो. पण पुढचा पावसाळा यांनी ओलीत काढला तर माझ्या औषधाचा काही उपयोग होणार नाही. कोरडी जागा बघा."

कोरडी जागा. दोन शब्द. इंग्रजी कवितांची पानेच्या पाने पाठ म्हणणाऱ्या मला हे दोन शब्द महिनाभरसुद्धा लक्षात राहिले नाहीत.

वाडीच्या मालकांनी समुद्राकडचा एक तुकडा आम्हाला दिला. मला कॉलेजात पाठवा, हे बांना सांगणारेही तेच. त्यांच्या उपकारांतून मी कधी मोकळा होणार नाही, व्हायची इच्छाही नाही. पण जागा हातात आली आणि माझ्या डोक्यात कोरड्या खोलीऐवजी बंगला उगवू लागला. त्या काळी मासिकांतून 'आरोग्यदायी घर' या विषयावर लेख येत. लिहिणारे बहुधा चाळीतल्या अंधाऱ्या खोलीत बसून लिहीत असत. हवा आणि उजेड यांवर त्यांची इतकी भक्ती का, ते त्यावरून समजते. ते लेख मी कापून जपून ठेवले होते. त्यांत भर पडली गावात येऊन राहिलेल्या, बांधकाम खात्यातल्या एका निवृत्त ओव्हरसियरची. उभी नोकरी त्यांनी देशावर केली होती, जिथे वर्षातले दहा महिने लोक आभाळाकडे बघत बसतात. पावसाची वाट बघायची असते हे त्यांना ठाऊक होते. पावसापासून भिंत राखायची असते, हे त्यांच्या अनुभवात कधी आले नव्हते. ते छत्री टेकत आमच्या जागेवर आले आणि म्हणाले, "पश्चिमेला तीन मोठ्या खिडक्या. समुद्राचा वारा म्हणजे अमृत! भिंती दगड-चुन्याच्या, वर मंगळुरी कौले. आणि पुढे ऐसपैस सोपा. त्याला इंग्रजीत काय म्हणतात ठाऊक आहे ना?"

'व्हरांडा' हा शब्द मला ठाऊक होता, म्हणून मी सगळ्यालाच लगेच हो म्हणालो. गावातली जुनी घरे समुद्राकडे पाठ करून, छपराचे पदर खाली ओढून बसली होती. आम्ही दोघांनी त्यांच्याकडे बोट दाखवून 'अडाणीपणा' असा शेराही मारला.

गवंडी रेवदंड्याचा, बांच्याच वयाचा. तो आला तेव्हा किनाऱ्यावरून आणलेली वाळू गाड्यांतून उतरून पडली होती. त्याने चिमूटभर उचलली, जिभेवर ठेवली आणि थुंकला.

"खारी हाय."

"समुद्राची आहे. खारीच असणार," मी म्हणालो.

"मंग हिला पाऊस पाजा."

"म्हणजे?"

"म्हंजे काय, मास्तर! उघड्यावर पसरून टाका. चार म्हयने पाऊस पिल, मीठ सोडील. दिवाळीला मी येतो, भिंत घालतो. माझ्या बापानं तशीच घातली, त्याच्या बापानं तशीच."

"आणि हा पावसाळा बांनी कुठे काढायचा?"

"कूड घालतो की! आठ दिवसांचं काम. पश्चिमेला झाप बांधले की थेंब आत यायचा न्हाय."

कूड म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधून दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपलेली भिंत. झाप म्हणजे नारळाच्या झावळ्यांचे विणलेले पडदे. पावसाळ्यात ते घरांना बाहेरून बांधतात. गावातली निम्मी घरे त्यावरच पावसाळा काढत होती. पण माझ्या तोंडून गेले, "पदवीधर मुलाचा बाप कुडात राहणार?"

"बाप पदवीधर न्हाय ना?" गवंडी म्हणाला. "मंग त्याला चालंल."

बा हसले, आणि हसता हसता खोकू लागले. मी हसलो नाही. मी शास्त्राचा आधार घेतला. मीठ पाण्यात विरघळते, हे मी इंग्रजी चौथीच्या मुलांना शिकवत होतो. मग पाणी आभाळातलेच कशाला हवे? जागेवर नवी विहीर खणलेली होती. चार गडी लावले, वाळूवर घागरीमागून घागरी ओतायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी धुतलेली वाळू मीही गवंड्यासारखी जिभेवर ठेवली. खारटपणा जवळजवळ गेला होता. मी ओव्हरसियरना बोलावून चाखायला दिली. त्यांनी चाखली नाही, पण "शाबास! याला म्हणतात शिक्षण," असे म्हणाले.

बा पोफळीच्या सावलीत बसून बघत होते. चौथ्या दिवशी म्हणाले, "धुतलेलं पानी जातंय कुठं रं?"

"उताराने जाते, बा."

"उतार कुनीकडं हाय?"

उतार विहिरीकडे होता. वाळूतले मीठ पाण्याबरोबर जमिनीत मुरून पुन्हा विहिरीत जात होते, आणि तेच पाणी उपसून मी पुन्हा वाळूवर ओतत होतो. शिवाय वैशाखातली किनाऱ्यावरची विहीर. जितकी उपसावी तितके समुद्राचे पाणी आतून तिच्यात येते, हे वाडीतले पोरही सांगेल. तीस वर्षे पाणी वळवणाऱ्या माणसाने मला एकच प्रश्न विचारला होता. मी उत्तर दिले, "तुम्ही उन्हात बसू नका, बा. त्रास होईल."

"उन्हाचा न्हाय होत मला तरास," ते म्हणाले.

पुढे त्यांनी एकदा विहिरीचे पाणी ओंजळीत घेऊन बघितले, "मचूळ झालंय," एवढेच म्हणाले आणि आत्याला प्यायचे पाणी वाडीतून आणायला सांगितले. धुतलेली वाळू मी पहिल्या दिवसानंतर पुन्हा चाखली नाही. शाळेत मुले एकदाच प्रयोग करून निष्कर्ष लिहीत, तेव्हा मी त्यांचे गुण कापत असे.

गवंड्याने भिंत घातली, पण कुरकुरत. शेवटचा हात फिरवताना म्हणाला, "भिंत तुमची, मास्तर. कुनी इचारलं तर माझं नाव सांगू नका." मृगाच्या आधी गृहप्रवेश झाला. ओव्हरसियरनी भाषण केले. नव्या पिढीने जुनाट समजुतींना कशी मूठमाती द्यावी, याचा नमुना म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केले. मी मान खाली घातली. खोटे कशाला बोलू, सुखाने घातली. आणि शाळा उघडणार म्हणून मुंबईला गेलो.

आषाढात पत्र आले. बांना लिहिता येत नसे. मला मुळाक्षरे शिकवणारे गावातले गुरुजी त्यांची पत्रे लिहून देत. सर्व क्षेम, घर छान, पाऊस चांगला, असा मजकूर. खाली गुरुजींनी स्वतःची ओळ जोडली होती: 'वरील मजकूर वडिलांनी सांगितला तसा लिहिला. मी आज घरी जाऊन आलो. भिंतींना पाणी सुटले आहे. रजा काढून यावे.' माझ्यावर त्यांचे जे ऋण आहे त्यात ही ओळ मी अक्षर-ओळखीच्या वर धरतो.

धरमतरपर्यंत लाँचने आणि पुढे चिखल तुडवत मी घरी पोचलो. छप्पर कुठे गळत नव्हते. तरी बांच्या खोलीतल्या भिंतीला हात लावला की तळवा ओला होई. मीठ हवेतली ओल ओढून घेते. आणि मीठ तर आम्ही प्रत्येक दगडाच्या सांध्यात भरून ठेवले होते. पश्चिमेच्या तिन्ही खिडक्यांतून अमृत वाहत येऊन बिछान्यावर सांडत होते. बा त्या खोलीत नव्हतेच. ते आत्याच्या चुलीशी, भांड्यांच्या फळीला टेकून बसले होते. दोन शब्दांत एकदा थांबून श्वास घेत होते.

"कधी आलास? घर... झ्याक हाय. भिंत गार लागते. बरं वाटतं."

मला त्यांच्याकडे बघवेना. मी ओव्हरसियरकडे गेलो. ते म्हणाले, "नव्या भिंती घाम गाळतातच. दोन-तीन वर्षांनी आपोआप थांबेल." दोन-तीन वर्षे बांजवळ आहेत का, हे त्यांनी विचारले नाही. मी छत्री उचलली आणि तसाच रेवदंड्याला गेलो.

गवंडी ओसरीवर जाळ्याची दोरी वळत बसला होता. माझे ऐकून घेऊन म्हणाला, "भिंत मीठ घालून शिजवलीत, मास्तर. आता चव बघाया मला बोलावताय?"

"चुकलो, काका."

"ते मला नका सांगू. बा कसा हाय?"

"चुलीपाशी बसून आहेत. खोलीत जात नाहीत."

त्याने दोरी टाकली. माळ्यावर स्वतःच्या गोठ्यासाठी कोरडी कारवी जपून ठेवलेली होती, तिच्या जुड्या खाली घेतल्या. बायको म्हणाली, "आपल्या गोठ्याला काय लावाल?" तो म्हणाला, "म्हस दम्यानं मरत न्हाय."

त्याच दिवशी त्याने बांच्या खोलीतच दुसरी खोली उभारायला घेतली. दगडी भिंतीपासून वीतभर आत, तिला कुठेही न टेकता, चारी बाजूंनी कूड. मधली वीत मोकळी. वर गवताचे छत. तिन्ही खिडक्या बाहेरून झाप बांधून बंद. शेणमाती तुडवायला गडी मिळेना, तेव्हा धोतर खोचून मी उतरलो. गवंडी काठ्या बांधता बांधता माझ्याकडे बघे.

"पाय नीट टाका, मास्तर. तुमच्या पुस्तकात शेण न्हाय वाटतं?"

"नाही, काका."

"मंग पुस्तक अर्धंच हाय."

आत शेगडीत निखारे ठेवून आम्ही कूड वाळवत होतो. दर तासाला मी तळवा लावून बघे. मनात एकच घोकत होतो, की कूड वाळू दे, लवकर वाळू दे. ओल इतकी होती की पाचव्या दिवसापर्यंत माती हाताला लागे. त्या पाच दिवसांत बांचा श्वास आत्याच्या भांड्यांच्या आवाजातूनही वेगळा ऐकू येत असे. एकदा तो थांबला असे वाटून मी चिखलाच्या पायांनीच स्वयंपाकघरात धावलो. ते नुसते पाणी पीत होते. "पाय धू की," म्हणाले.

सातव्या दिवशी गवंड्याने कुडाला गाल लावला. "न्या त्याला."

दोघांनी धरून बांना आत नेले. सारवलेल्या जमिनीवर घोंगडी घातली होती. ते बसले, कुडाला पाठ लावली, थोडे थांबले. मग पाठ काढून घेतली आणि हळूहळू आडवे झाले. भर दुपारी, झोडपणाऱ्या पावसात, माझे वडील पाय लांब करून झोपले. गवंडी दाराशी विडी ओढायला गेला. मी आत बसून राहिलो. त्यांची छाती अजून वाजत होती, पण श्वास एका लयीत येत होता.

दिवाळीनंतर सगळे रीतीने झाले. नवी वाळू आणून ठेवली होती, तिने पाऊस पिऊन घेतला. कूड एकेका बाजूने सोडवून, पुन्हा बांधत, आतून-बाहेरून जुना गिलावा खरवडला, सांधे उकरले, शिंपल्यांचा चुना बैलाच्या घाण्यात मळून पुन्हा भरला. तीन खिडक्यांची एक छोटी खिडकी झाली. पुढच्या पावसाळ्यात भिंत खडखडीत कोरडी राहिली. ओव्हरसियर आता येणाऱ्या-जाणाऱ्याला आमचे घर दाखवून सांगत, "दुहेरी भिंतीची ही योजना. आत मोकळी हवा खेळती ठेवली आहे." इतका आत्मविश्वास मला पदवीनेही दिला नव्हता.

मी बांना म्हणालो, "आता भिंत चांगली झाली. तो कूड काढून टाकू. खोली मोठी होईल."

बा सुपारी कातरत होते. कातरून झाली, मग म्हणाले, "पावने आले का त्यांना भिंत दाखव. चांगली हाय भिंत. मी आत बसतो."

त्यानंतरचे सात पावसाळे त्यांनी त्या कुडातच काढले.