किल्ल्याच्या पायातलं शिसं

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलते. अण्णा, म्हणजे माझे वडील, सिल्वासाच्या मराठी शाळेत मास्तर होते. हट्टी होते, आणि त्यांच्या हट्टापायी माझ्या दादाचा डोळा गेला. झालं, सांगून टाकलं.

ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. आम्ही मूळचे मालवणकडचे, राहायला सरकारी क्वार्टर्समध्ये. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करतात हे शेजारच्या गुजराती मावशींच्या गावीही नव्हतं. दरवर्षी कुंपणाशी येऊन विचारायच्या, "मंदिर बनावो छो?" अण्णांना असा राग यायचा! मग ते मावशींना तिथेच उभं करून धडाच द्यायचे. जमिनीवरून येणारा शत्रू दुरून दिसतो, समुद्रातून येणारा थेट दाराशी उगवतो, म्हणून महाराजांनी भर पाण्यात किल्ले बांधले. मावशी बिचाऱ्या "हा, हा" म्हणत फराळाचं ताट आमच्या हातात देऊन सटकायच्या.

दादा तेव्हा नववीत. त्याच्या डोक्यात एकच खूळ, नेव्हीत जायचं. तिथे डोळे तपासून घेतात असं कुणीतरी सांगितलं, तर हा पठ्ठ्या रोज कच्ची गाजरं खायला लागला. फटाक्यांना तर हातच लावायचा नाही. मी भागूबाई म्हणून चिडवायची, तरी नाही.

त्या वर्षी जलदुर्ग करायचं ठरलं. दादाने राखोलीहून नदीकाठचा गाळ सायकलवरून आणला. खड्डा खणून त्याचा समुद्र केला, मधोमध किल्ल्याचा पाया घातला, नागमोडी तटाच्या रेघा आखल्या. काय झकास जमलं होतं! तसाच तट चढवला असता तर काय बिघडलं असतं? पण अण्णा म्हणाले, "पायात शिसं नाही तर तो जलदुर्गच नव्हे." आमच्या गावासमोरच्या किल्ल्याच्या पायात शिसं ओतलंय, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

गावाहून आणलेलं मासे धरायचं जाळं खुंटीला टांगलेलं होतं. ते पाण्यात बुडावं म्हणून त्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या असतात. अण्णांनी त्या कापून काढल्या आणि लोखंडी पळीत घालून अंगणातल्या स्टोवर धरल्या. आई म्हणाली, "तुमका याड लागलां काय?" ऐकतील तर ते अण्णा कसले!

पाया ओलाच होता. ओल्या मातीत तापलेलं शिसं पडलं की पाण्याची वाफ होते आणि शिसं उसळतं. एवढं मास्तरकी करणाऱ्या माणसाला कळू नये? दादा वाकून बघत होता. अण्णांनी पळी कलती केली, चर्रकन आवाज झाला आणि दादा तोंड धरून किंचाळत खाली बसला. इथल्या दवाखान्यातून वापीला, तिथून मुंबईला नेलं. उजवा डोळा वाचला नाही. नेव्हीचं नाव त्यानंतर आमच्या घरात कुणी काढलं नाही.

शाळा उघडली तेव्हा अण्णांनी सगळ्यांना सांगितलं, सुतळी बॉम्ब तोंडावर फुटला. पोरं ऐकतात कुठे! मग क्वार्टर्समधली माणसं भेटायला यायची आणि दादालाच उपदेश करून जायची. पट्टी बांधलेलं तोंड खाली घालून तो ऐकून घ्यायचा. अण्णा खुर्चीत गप्प बसलेले असायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

पुढच्या वर्षी मी चौथीत, अण्णांच्याच वर्गात. दिवाळीची सुट्टी लागायच्या दिवशी अण्णा फटाक्यांवर बोलायला लागले. "आमच्या मुलाचंच बघा," म्हणाले. "हलगर्जीपणा केला, डोळा घालवून बसला." आवाज जराही कापला नाही हो! सगळी पोरं वळून माझ्याकडे बघायला लागली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

घरी आले ती दप्तर फेकून थेट दादाकडे गेले. त्याला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आता मी घरोघर जाऊन खरं सांगणार. मास्तर असून खोटं बोलतात!"

"नको," दादा म्हणाला. "मला विचारूनच सांगितलं त्यांनी."

"कधी विचारलं?"

"मुंबईला, दवाखान्यात. माझ्या पायाशी बसले होते. म्हणाले, बाळा, फटाका होता असं सांगू का? मास्तराने स्वतःच्याच पोराचा डोळा फोडला म्हणतील लोक, मला वर्गात उभं राहता येणार नाही."

"मग?"

"रडत होते गं. मी हो म्हणालो."

आता भांडायचं तरी कुणाशी? तेवढ्यात अण्णा आले. चप्पल काढता काढता त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, "जेवलास काय रे?"

दादा हो म्हणाला. त्याचं ताट स्वयंपाकघरात तसंच झाकलेलं होतं.