पहिला बार

सापगावच्या जयराम लोहाराच्या नाकावर कायम राग असायचा. कुणी घाई केली की तो नांगराचा फाळ तसाच परत द्यायचा. तरी मला तो आवडायचा, कारण पाटलांना तोंडावर नाही म्हणणारा गावात तोच एकटा होता.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. बिबट्याने कातकरवाडीतल्या भिमीचा खांदा फोडला होता आणि तिचा नवरा यमाजी संध्याकाळी त्याला मारायला दबा धरून बसणार होता. बंदुकीचा परवाना कमळाकर पाटलांचा, नेम यमाजीचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या बंदुकीला लागणारी आखूड काडतुसं बाजारातून गायब झालेली. पाटलांनी कल्याणहून आणली ती पाव इंच लांब निघाली. तरी बंदुकीत ती बिनबोभाट बसली आणि पाटील खूश झाले.

यमाजीने तरी ती जयरामला दाखवायला लावली. जयरामने काडतूस पाहिलं आणि बंदूक खाली ठेवली. मिटलेली छत्री दारातून आत जाते, पण आत गेल्यावर उघडली तर अडकतेच, असं तो म्हणाला. बार उडताना काडतुसाचं दुमडलेलं तोंड उलगडतं. त्याला जागा मिळाली नाही तर सगळा जोर नळीवर येतो. मग नळीतलं काडतुसाचं घर वाढवून दे, पाटील म्हणाले. जयरामने बंदुकीवरच्या चांदीच्या नक्षीवरून अंगठा फिरवला आणि ही नळी पातळ, हिच्यात कातायला मांसच नाही, असं सांगून टाकलं. त्याने देवजीची बंदूक मागवली. देवजी जंगलखात्यातला जुना राखणदार. त्याची एकनळी ओबडधोबड आणि पहारीसारखी जड होती, पण तिची नळी घर वाढवण्याइतकी जाड होती. पाटलांचा चेहरा उतरला, मला मनातून बरं वाटलं.

सहा वर्षांपूर्वी जयरामने असंच एक घर वाढवलं होतं. पहिला बार त्याच्या भावाने, मंगळूने काढला. नळी फाटली आणि मंगळूची तीन बोटं गेली. त्यानंतर जयरामने बंदुकीला हात लावला नव्हता.

सकाळपासून तो थोडं कातायचा, पुसायचा, उडवलेलं, तोंड उलगडलेलं रिकामं काडतूस घालून बघायचा. दुपारी ते पूर्ण आत बसलं. यमाजीने बंदूक घ्यायला हात पुढे केला.

"मीच काढतो बार, जयरामदादा. रातभर मलाच धरायचीय."

"नाय. काम माजं हाय. चुकलं असंल तर माज्याच हातात फुटू दे."

त्याने आम्हाला बांधाआड बसवलं. बंदूक झाडाला बांधून दोरीने घोडा ओढ, असं देवजी म्हणाला, ते त्याने ऐकलं नाही. मला वाटलं, हा मंगळूची भरपाई करायला निघालाय, आणि मी फार घाबरलो. बार झाला. धूर विरला तेव्हा जयराम उभा होता, नळी शाबूत होती. त्याने बंदूक यमाजीला दिली आणि भात्यापाशी जाऊन बसला. त्या रात्री तो जेवला नाही.

सकाळी बिबट्या पाटलांच्या अंगणात पडला होता. पाटील चांदीची बंदूक घेऊन त्याच्याशेजारी उभे राहिले, सगळा गाव तिकडे लोटला. यमाजी मात्र आधी लोहाराकडे आला. त्याने दोन्ही पंजे जयरामपुढे पसरले.

"मोज, दादा."

जयरामने एकेक बोट धरून दहाही मोजली आणि मग तो रडला.