न बोलावलेला लिंबाजी

झरीच्या शिवारात रानडुकराचा माग काढावा तर आमच्या लिंबाजीनंच. चिखलातला खूर बघून सांगायचा, रातचं हाय का पहाटंचं, एकटं हाय का पिलावळीसंगट. डुकरं मारायची परवानगी निघाली, बंदूकवाला आला, की लिंबाजी पुढं अन् बाकीचे मागं. त्याच्या हाताखाली कधी कुणाला खरचटलंसुदिक न्हाई.

त्याची एक खोड होती. म्हंजी मला ती खोड वाटायची. बार व्हायच्या आधी तो सगळं शिवार पायी फिरायचा. एकेका आखाड्यावर, म्हंजी रानातल्या झोपडीवर, जाऊन हाळी द्यायचा, माणसं मारुतीच्या पारावर आणून बसवायचा अन् मोजायचा. एखादी म्हातारी कमी भरली की गडी पुन्हा माघारी. अर्धा दिस त्यातच जायचा. तवर डुक्कर काय आमची वाट बघत बसतंय? मी लय चिडायचो.

गेल्या साली डुकरांनी निसवलेली ज्वारी आडवी केली अन् माझं डोकं फिरलं. बाहेरून योगीराज नावाचा शिकारीवाला आणला. जीप, दोन बंदूकवाले, गळ्यात दुर्बीण अन् तोंडात ह्या एवढाल्या बाता. "दिनकरराव, तासाभरात काम फत्ते. माणसं हाकत बसायचे दिवस गेले आता."

मला पटलं. शेंबड्या पोराला कळंल ते मला कळलं न्हाई! परवाना बघितला, बंदुका बघितल्या. पण शिवारात माणूस हाय का न्हाई हे कोण बघणार, एवढं काय विचारलं न्हाई. अन् लिंबाजीला मुद्दामच बोलावलं न्हाई.

त्याला जीप बघून कळलं. दुसरा असता तर रुसून घरी बसला असता. हा उठला अन् आपला आखाडे फिरायला लागला. आमाला पत्ताच न्हाई. गावातली सुलाबाई तुरीत गवत कापायलीय, हे त्याला ठाऊक होतं. तिला त्यानं बांधाच्या पल्याड काढलं अन् तिच्यामागून तो तुरीतनं निघाला. इकडं योगीराज ओरडला, "तूर हालायलीय, हाणा!" मी शेजारीच उभा होतो. थांबा म्हणायला किती वख्त लागतो? तेवढंबी तोंडातून निघालं न्हाई.

गोळी लिंबाजीच्या गुडघ्यात बसली. नांदेडला नेलं. जीव वाचला, पाय मांडीपासून काढावा लागला. रानं पायाखाली घातलेला माणूस बाजंवर पडला. योगीराजवर केस झाली, ती चालू हाय. माझ्यावर कुणीच केली न्हाई.

महिनाभर त्याच्या दारात जायची हिंमत झाली न्हाई. एक दिवस गेलो. त्याच्या बायकोनं, नर्मदाबाईनं, पाणी दिलं अन् आत गेली. मी मान खाली घालून म्हणलं, "लिंबाजी, चुकलं रे माझं. घाल शिव्या."

"शिव्या कशाच्या, दिनकरराव?" त्यानं पांघरूण सारखं केलं. "गडबडीत मला सांगायचं राहून गेलं आसंल तुमचं. म्हणून मीच आलो."

राहून गेलं नव्हतं. पण ते मी त्याला अजून सांगितलेलं न्हाई.