महानंदाच्या बी साइड

रेकॉर्ड फिरायला लागली आणि पिन होडीसारखी वरखाली हलू लागली. मी ती लगेच उचलली.

"ताई, ही वाकलीय. कॅसेटवर नीट भरता येणार नाही."

महानंदाचं तोंड उतरलं. "माझं सगळ्यात आवडतं गाणं तिच्यावरच हाय की!"

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात एका दुकानात मी रेकॉर्डवरून कॅसेट भरून द्यायचो. गिऱ्हाइकं बहुतेक हिंदी गाणी नाहीतर भजनं मागायची. महानंदा आणि तिचा थोरला भाऊ शिवानंद मात्र सहा छोट्या इंग्लिश रेकॉर्ड घेऊन आले होते. लंडनच्या मामानं पाठवलेल्या, सगळ्या एकाच बँडच्या. कव्हरवर चौघे जण. डोळ्यांवर चमकी, अंगात चकचकीत कपडे, पायात वीतभर टाचांचे बूट.

आमच्या शेठनी कव्हर निरखून पाहिलं. "बाप्ये हायत का बाया?"

"बाप्येच. पण वाजवतात झकास," शिवानंद म्हणाला.

अशा छोट्या रेकॉर्डवर एका बाजूला एकच गाणं असतं. जे चालेल असं वाटतं ते पुढं, म्हणजे ए साइडला. मागच्या बी साइडला कंपनी काहीतरी उरलंसुरलं घालते. महानंदाला फक्त बी साइडच हव्या होत्या.

"पुढची चांगली गाणी सोडून हे कशाला?" शेठनी विचारलं.

"पुढची अण्णाची," तिनं शिवानंदकडं बोट दाखवलं. "तो घरात असला की तीच लावणार. तो बाहेर पडला की मी रेकॉर्ड उलटायचे."

तिचं लग्न मैंदर्गीला ठरलं होतं. सासरी टेपरेकॉर्डर होता, रेकॉर्ड प्लेअर नव्हता. शिवानंद नोकरीला मुंबईला निघाला होता आणि रेकॉर्ड सोबत नेणार होता. बाकीची पाच गाणी भरून झाली होती. अडलं होतं ते या सहाव्यावर.

मी म्हणालो, "एक उपाय आहे. दोन काचांमध्ये दाबून उन्हात ठेवायची. मऊ होऊन सपाट होईल. पण वरची बाजू जास्त तापते. तिच्यावरच्या गाण्याच्या बारीक रेघा दबल्या तर ते गाणं गेलं."

"नको मग," महानंदा म्हणाली. "अण्णाचं लई लाडकं गाणं हाय पुढं."

शिवानंद तिच्याशी कानडीत काहीतरी बोलला. तिनं जोरात नकारार्थी मान हलवली. तरी त्यानं रेकॉर्ड माझ्या हातात दिली.

"माझी बाजू वर ठेवा."

मे महिना होता. गच्चीवर काचा मांडून मी शेजारी सावलीत बसून राहिलो. सोलापूरच्या उन्हाला फार वेळ लागत नाही. रेकॉर्ड सपाट झाली. काचेतच थंड होऊ दिली आणि खाली येऊन बी साइड लावली.

बाकी सगळी गाणी ढोल बडवणारी. हे संथ होतं, एक गिटार आणि एक आवाज. मध्ये एका जागी आवाज किंचित डुलला.

"थांबवू?" मी विचारलं.

"नको. असू दे तसंच." ती डोळे मिटून ऐकत होती.

मग शिवानंदनं रेकॉर्ड स्वतः उलटून लावली. नुसती खरखर. पिन दोनदा घसरली. त्यानं ते शेवटपर्यंत ऐकलं. महानंदाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडतीस काय?" तो म्हणाला. "मला पाठ हाय ते."

तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलो, रेकॉर्ड उभी ठेवावी, एकावर एक रचू नये, वाकते. माना सगळे डोलवायचे, ऐकायचं कुणी नाही.